नोराचा होकार

नोरा,

तुझ्या लेकानं, डेक्लननं, घरातल्या सगळ्यांना सांगितलंय, आई गेल्याला महिना झाला की चर्चमध्ये प्रार्थना ठेवलीय, प्रत्येकानं तिच्याबद्दल चार ओळी लिहा. इंग्रजीत मला फक्त मेन्यू लिहिता येतो. चिकन टिक्का मसाला, बाजूला दोन मिरच्या काढायच्या. तुझं तेवढ्यात भागत नाही, म्हणून मराठीत लिहायला बसलोय. मरेड शेजारून विचारतेय, एवढं काय लिहितोयस? मी म्हणलं, तुझ्या आईशी भांडतोय. ती म्हणाली, ग्रँड, म्हणजे ठीक, मग मी मध्ये पडत नाही.

पहिली अडचण तर हाक मारण्यापासून. आमच्याकडे होणाऱ्या सासूला नावानं हाक मारली तर लग्न तिथंच मोडतं. पहिल्या दिवशी मी तुला ‘मिसेस’ म्हणालो, तर म्हणालीस, मिसेस शाळेतल्या हेडबाईला म्हण, मी नोरा. मग मी वर्षभर तुला काहीच म्हणालो नाही. समोर येऊन उभा राहायचो आणि खोकायचो. त्यात ते करोनाचं वर्ष. तू दोनदा मला लांब बसवलंस आणि एकदा डॉक्टरची वेळ घेऊन दिलीस. डॉक्टर म्हणाला, छाती साफ आहे. मी त्याला काय सांगणार, की डॉक्टर, आजार शरमेचा आहे. आज मात्र सरळ नोरा म्हणतोय. आता तू ओरडायची नाहीस आणि माझी आईही इथं ऐकायला नाही.

मी सातवीपर्यंत शिकलो, त्यात सहावी दोनदा. श्रीरामपूरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात भजी तळता तळता कसा कसा करत या गावात पोचलो. आयर्लंडच्या पार दक्षिणेला, कॉर्क शहराच्याही खाली. एक रस्ता, दोन पब, एक चर्च आणि आमचं इंडियन हॉटेल. इथली माणसं करीबरोबर निम्मा भात, निम्मे चिप्स मागतात. पहिल्यांदा तशी ऑर्डर आली तेव्हा मी दोन गिऱ्हाइकं समजून दोन ताटं भरली. त्या एकट्या माणसानं दोन्ही संपवली आणि त्या दिवसापासून तो मला फार मानतो.

मरेड तुमच्या शेतातले बटाटे आणि अंडी घेऊन मंगळवारी आणि शुक्रवारी मागच्या दाराला यायची. मी म्हणलं, “तुमचा बटाटा माझ्या रश्श्यात विरघळतो.”

“मग रश्श्यात काहीतरी खोट असेल,” ती म्हणाली. “आमचा बटाटा आजवर कुणाकडे विरघळलेला नाही.”

मी एकेचाळीसचा, ती अडतीसची. त्या दिवशी मी तिला दाराशी थांबवून त्याच बटाट्याची सुकी भाजी करून खाऊ घातली. ती उभ्यानं सगळी पातेली चाटूनपुसून खाऊन गेली आणि शुक्रवारऐवजी बुधवारीच आली. पुढचं तुला माहीत आहे. चार महिन्यांनी तिनं मला सरळ सांगितलं, “माझी तयारी आहे. पण मम हो म्हणाली तरच. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींवर उभ्या आहोत. तिला डावलून मी काही करणार नाही.”

म्हणून तो फेब्रुवारीतला रविवार. तुझा होकार मिळवायला मी शर्टाला इस्त्री करून आलो. एकाच बाजूला केली होती, वरून कोट असणार म्हणून. आधी चर्च, मग तुझ्या घरी दुपारचं जेवण. चर्चमध्ये सगळे बाकावरनं उठून रांगेत गेले, तसा मीही गेलो. देवाच्या दारी रांग दिसली की लागायचं, पुढं काय आहे ते नंतर कळतं, अशी मला लहानपणापासूनची सवय. तू पुढं, मी मधे, मरेड मागं. ती मागून माझा कोट ओढत होती. मला वाटलं, प्रेमानं.

फादरनं माझ्या हातावर ती गोल पांढरी चकती ठेवली. उजवा हात वर, डावा खाली, तीर्थ घेतात तसा मी तो प्रसाद घेतला. कपाळाला लावला. पण खाल्ला नाही. प्रसाद एकट्यानं जागेवरच गिळायचा म्हणजे हावरटपणा. खोलीवर हॉटेलातले दोघं होते, त्यांनाही द्यायला नको? म्हणून रुमालात नीट गुंडाळून वरच्या खिशात ठेवला.

घरी तू जेवायला बसवलंस. बीफ मी खात नाही हे मरेडनं सांगितलेलं, म्हणून माझ्यासाठी वेगळी कोंबडी भाजली होतीस. बाजूला वाटीत काहीतरी पिवळं होतं. मी चटणी समजून चमचाभर तोंडात टाकलं. ती तुमची वाटलेली मोहरी. नाकातून थेट मेंदूत गेली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मी खिशातून रुमाल ओढला आणि ती चकती टेबलावर पडली. ग्रेव्हीच्या भांड्याला टेकून उभी राहिली, नोरा, आडवी झाली पण नाही.

सगळं टेबल थांबलं. डेक्लनचा काटा तोंडापाशी. त्याची बायको छातीवर क्रूस काढत होती.

“हे तू चर्चमधून आणलंस?” तू विचारलंस.

“हो. खोलीवरच्या पोरांसाठी.”

“पोरांसाठी.”

“प्रसाद वाटून खायचा असतो ना.”

मरेडनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. मला वाटलं रडतेय. हसत होती, हे तिनं मला लग्नाचं जमल्यावर सांगायचं ठरवलं होतं, म्हणून खूप उशिरा कळलं. तू उठलीस. स्वच्छ बशी घेतलीस, त्यावर इस्त्रीचा पांढरा रुमाल, त्यावर ती चकती, आणि मला म्हणालीस, “कोट घाल.” मला वाटलं, संपलं. ही मला परत खोलीवर सोडणार. पण तू गाडी फादरच्या घरी नेलीस. मी बशी मांडीवर धरून बसलेलो. आयुष्यात पातेली, कढया, परात, सगळं उचललंय. त्या बशीएवढं जड काही उचललं नव्हतं.

तेव्हा कळलं की तुमच्यात ती चकती म्हणजे प्रसाद नाही, साक्षात देवच. मी देव रुमालात बांधून मोहरीबरोबर टेबलावर आणला होता. फादरला तू सांगितलंस, “युअर मॅन आजारी-बिजारी कुणी नसताना पोरांसाठी घरी नेत होता, फादर.” इथं ‘युअर मॅन’ म्हणजे तो अमका, ज्याचं नाव घ्यायची गरज वाटत नाही असा. आणि चकती घरी नेतात ती फक्त आजाऱ्यांसाठी. फादर इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. तू हसली नाहीस.

परत येताना अर्ध्या रस्त्यात विचारलंस, “तुमच्यात न आलेल्यांसाठी नेतात?”

“हो. न विसरता.”

तू गिअर बदललास. मग म्हणालीस, “नॉट द वर्स्ट.”

अगदीच वाईट नाही, एवढंच. मी हिरमुसलो. मला काय माहीत, तुमच्या गावात यापेक्षा मोठं कौतुक नसतं.

घरी आल्यावर गार जेवण गरम केलंस, आणि सगळ्यांसमोर बजावलंस, “परत त्या रांगेत जायचं नाही. आणि माझ्या मुलीबद्दल विचारायला आला असशील तर आज विचारू नको.”

मी म्हणलं, “धर्म बदलायला सांगितलात तरी तयार आहे.”

तेवढ्यावर मात्र तू चिडलीस. “एका जेवणासाठी जो देव बदलतो, तो दुसऱ्या जेवणासाठी बायको बदलेल. असला माणूस मला नको.”

“मग आहे तसा चालेन?”

“तेही म्हणलेलं नाही.”

म्हणजे बदलू नको आणि आहे तसाही चालत नाही. नोरा, हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. फादर म्हणत होता, बिशपची परवानगी काढू, दोन धर्मांची लग्नं होतात. बिशप तयार होईल, पण तू? तू म्हणायचीस, “थांब.” किती थांबायचं ते नाही.

मग मार्चमध्ये सगळं बंद झालं. हॉटेल बंद, खोलीवरचे दोघं डब्लिनला ओळखीच्यांकडे गेले. मी एकटा, ब्रेड आणि लोणचं. सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही, कुणाला घरात घ्यायचं नाही असं सरकार ओरडून सांगत होतं. सगळं गाव दारं लावून बसलेलं. आणि तू मरेडला म्हणालीस, युअर मॅनला घेऊन ये, गवताच्या शेडमागच्या कॅराव्हॅनमध्ये राहील, पंधरा दिवस लांब, मग बघू. मी फार भारावून आलो. तू लांबून फावडं फेकलंस आणि ओरडलीस, “बटाटे लावायचेत.” पंधरा दिवस मी एकट्यानं बटाटे लावले. निम्मे बटाटे कोंबाचे डोळे खाली करून लावले, ते तू दुर्बिणीतून बघून परत काढायला लावलेस.

सोळाव्या दिवशी मला किचनमध्ये घेतलंस. कपाट उघडलंस, प्रेस म्हणता तुम्ही त्याला, आणि सगळ्यात खालच्या फळीवर ओट्सच्या मागं माझ्या मसाल्याला जागा दिलीस. मोहरी, हळद, काळा मसाला. जूनमध्ये मसाला मधल्या फळीवर आला. कुणी हलवला ते विचारलं नाही. वास्तविक मी रोज गुडघ्यावर बसून शोधायचो आणि उठताना डोकं आपटायचो, तेवढंच कारण असेल. पण मी मरेडला रडत सांगितलं. ती म्हणाली, तुला कांदा चिरतानासुद्धा असंच होतं.

कोबीवरून आपलं रोज व्हायचं. मी फोडणीला टाकला की म्हणायचीस, “त्या कोबीनं तुझं काय वाकडं केलंय?” तू मिठाच्या पाण्यात उकडून मेणासारखा करायचीस, मी म्हणायचो, हा आधीच वारलाय, याला शिजवता कशाला. तुझ्या सोडा ब्रेडवर वरून क्रूसाची चीर असायची. मी पहिल्यांदा केला तेव्हा चीर विसरलो. तो तू खाल्ला नाहीस, कोंबड्यांनाही टाकला नाहीस, सुरी घेऊन भाजलेल्या ब्रेडवर क्रूस काढलास आणि मग कापलास. त्याच्याबरोबर पिठलं खाल्लंस. नॉट द वर्स्ट. दुसऱ्यांदा घेतलंस.

आणि तो टॅब्लेट. चर्च बंद, प्रार्थना त्याच्यावर दिसायची. घरातल्या कुणालाच जमेना, तर मी पुढं झालो. सातवी शिकलेला माणूस ऐटीत म्हणाला, मी लावून देतो. लावलं. तू दोन रविवार हात जोडून बघितलंस. तिसऱ्या रविवारी डेक्लन आला आणि म्हणाला, “मम, हा कोण फादर? हे शेजारच्या जिल्ह्यातलं आहे, केरीचं!” मी जमिनीत गेलो. तू म्हणालीस, “मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण याचं प्रवचन आखूड आहे.”

ऑगस्टचं सांगतो, कारण तुला मी सगळ्यात जास्त मानलं ते त्या दिवशी. गणपती होता. डब्लिनजवळच्या चेरीवूडच्या मोठ्या कंपन्यांमधली शिकलेली मराठी मंडळी दरवर्षी गणपती बसवतात. आदल्या वर्षी त्यांनी मला फार आग्रहानं बोलावलं होतं, मी नवा सदरा घालून गेलो, तर पुऱ्या तळायला. त्या वर्षी ते सगळं बंद. मी शेतातल्या मातीचा गणपती केला. तू म्हणालीस, बटाटा छान झालाय. मग मी उकडीचे मोदक करायला घेतले. ओलं खोबरं नव्हतं, सुका कीस दुधात भिजवला. सारण झालं आणि तू नेहमीसारखी आलीस, चमचा घातलास आणि चाखलंस.

मी ओरडलो. इतके महिने जो माणूस तुझ्यासमोर नुसता खोकायचा तो ओरडला, “नैवेद्याचं आहे ते!”

तू चमचा तसाच धरून उभी. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, देवाला दाखवायच्या आधी कुणी चाखायचं नसतं, करणारानंही नाही, मीठ-साखर अंदाजानं. पण जाऊ दे, देव समजून घेईल, काही बिघडलं नाही.

तू विचारलंस, “त्या दिवशीच्या बशीसारखं आहे का हे?”

मी म्हणलं, “तेवढं नाही. पण त्याच गल्लीतलं.”

तू चमचा खाली ठेवलास, हात धुतलेस, बाह्या सरसावल्यास. “मग ते बाजूला काढ. मी बाटवलं. परत करायचं.”

“अहो, खरंच नको, एवढा कीस नाही…”

“माझ्या टेबलावरचं गरम जेवण सोडून मी तुझ्याबरोबर फादरकडे आले होते की नाही? परत करायचं.”

आणि शेजारणीच्या गेटवर उभी राहून, तोंडाला फडकं बांधून, तू ओरडून ओरडून केकसाठी ठेवलेला नारळाचा कीस मागितलास. का हवाय विचारल्यावर म्हणालीस, “दत्ताच्या देवाला.” युअर मॅन नाही, माझं नाव घेतलंस. दत्ता. मी गॅसपाशी उभा राहून ऐकलं आणि दूध उतू घालवलं.

मला वाटलं, आता होईल. सप्टेंबरात बटाटे काढताना पहिल्यांदा सरळ विचारलं, म्हणालीस, “आत्ता हातात माती आहे.” पुढं मरेडच्या वाढदिवसाला विचारलं, म्हणालीस, “केक काप.” नाताळात चर्च थोडं उघडलं होतं, तू नवा कोट घालून जाऊन आलीस, खुशीत होतीस, मी तिसऱ्यांदा विचारलं. तू कोट खुंटीला लावलास आणि म्हणालीस, “नाताळ झाल्यावर बोलू.”

जानेवारीत एका सकाळी मरेड चहा घेऊन गेली आणि तू उठली नाहीस. त्रास न होता, झोपेत, असं डॉक्टर म्हणाला. त्याला बरं वाटत असेल सांगताना. मला राग आला. नोरा, मला अजून राग आहे. एवढी हिशेबाची बाई, जळणासाठी लाकूड किती दिवस पुरेल ते सांगणारी, आणि एक शब्द सांगायचा राहिला? हो नाही तर नाही. नाही म्हणाली असतीस तर मी रडलो असतो, बटाटे लावले असते आणि परत विचारलं असतं. मरेड आणि मी, दोघं तुझ्या किचनमध्ये एकमेकांपासून लांब लांब वावरत होतो, जणू परवानगी संपलीय.

दफनाला दहाच माणसं चालणार होती. एरवी सगळं गाव घरी आलं असतं, सँडविचं, चहा, तुझ्या गोष्टी. डेक्लन टेबलाशी बोटं मोजत होता. मीच आधी म्हणलं, मी रस्त्यावर उभा राहतो, शेजाऱ्यांबरोबर. घरच्यांतला मी नाही, हे मला कुणी सांगायच्या आत मी सांगून टाकलेलं बरं.

डेक्लन वर न बघता म्हणाला, “कुठं चाललास? शवपेटीला सहा खांदे लागतात. मी, माझे दोन मुलगे, मामा, चुलतभाऊ. पाचच होतात. ऑस्ट्रेलियातल्या भावाला विमान नाही. तू सहावा.”

म्हणजे माझी निवड अशी झाली. बेरीज कमी पडली म्हणून.

आणि तुझ्या घराण्यातले पुरुष! सगळे सहा फुटांच्या वर. मी पाच फूट तीन, तेही चपला घालून. अंत्यविधीवाल्या माणसानं आम्हाला ओळीत उभं केलं, माझ्यापाशी आला आणि त्याच्या मास्कच्या वर त्याचे डोळे फार दुःखी झाले. त्यानं मला मध्ये घातलं. पेटी उचलली. ती त्या पाच जणांच्या खांद्यावर गेली आणि माझ्या खांद्याच्या वर वीतभर मोकळी हवा राहिली.

आमच्यात खांदा देणं म्हणजे काय असतं, तुला सांगायचं राहिलंच. तो आपल्या माणसानं द्यायचा असतो. आणि मी देतोय, पण टेकतच नाहीये. मी हात वर करून बोटं पेटीला लावली आणि टाचा उचलून चालायला लागलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळं गाव लांब लांब उभं, मास्क लावून, गप्प. मी चेहरा असा केला होता की सगळा भार माझ्यावरच आहे. कुणीतरी हळूच म्हणालं, “फेअर प्ले टू हिम,” म्हणजे शाबास त्याची. मला शरमेनं मरायला झालं. चालता चालता मी मनातल्या मनात चौथ्यांदा विचारलं. विचारायला नको होतं, वेळ ती नव्हती. पण तुझ्याकडं वेळ कधी होती?

चर्चच्या मागं, दफनभूमीच्या फाटकापाशी चढ संपतो आणि एकदम उतार लागतो. पुढचे दोघं उतरले. मागचे दोघं अजून खालीच होते, चढावर. आणि मी बरोबर माथ्यावर. पेटी डुलली, माझ्या बाजूला कलून खाली आली, आणि तुझा सगळा भार माझ्या खांद्यावर बसला. गुडघे वाकले. डेक्लन पुढून म्हणाला, “आहेस ना?” मी म्हणलं, “आहे.” एक पाऊल, दुसरं पाऊल, तिसरं. मग माथा संपला आणि तू परत त्यांच्याकडं गेलीस.

खांद्यावर लाल वळ उठला होता. मरेडनं संध्याकाळी बघितला, हात लावला, आणि आठवड्यात पहिल्यांदा माझ्या जवळ बसली. मी तिला ती तीन पावलं सांगितली. आम्ही फादरशी बोललोय, नोरा. चर्च सगळ्यांसाठी उघडलं की लग्न.

तुझी हरकत असेल तर आता बोल. नाहीतर मी हो धरतो.